एकोणीस अजागृत नागरिक

शहरात दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता कळसूत्री बाहुल्यांचा खेळ होतो आणि त्याला एकोणीस माणसं येतात, ही गोष्ट सांस्कृतिक कार्य खात्याला अकरा वर्षं माहीत नव्हती. ती अकरा वर्षं खेळ सुरळीत चालला.

खेळ करणाऱ्या गृहस्थांना सगळे बाहुलेकाका म्हणत. एका शाळेने मागच्या बाजूचं लांबट सभागृह त्यांना रविवारपुरतं देऊ केलं होतं. काका पडद्यामागे फळीवर उभे राहून दोऱ्या हलवत आणि काकू खाली स्टुलावर बसून सगळे आवाज काढत. राजाचा, चोराचा, म्हातारीचा आणि गाढवाचा. गाढवाच्या आवाजात काकूंचा हात धरणारं कोणी नव्हतं. प्रेक्षकांत एक निवृत्त पोस्टमन होते, एक शिवणकाम करणारी बाई आणि तिच्या जुळ्या मुली होत्या, रात्रपाळीला निघालेली एक नर्स होती, आणि पहिल्या बाकावर जाड भिंगांच्या चष्म्यातून बघणाऱ्या एक आजी होत्या. मुकुट पळवायला चोर राजाच्या पाठीमागून आला, की आजी दर रविवारी ओरडत, "अरे मेल्या, मागे बघ!" राजाने अकरा वर्षांत एकदाही मागे बघितलं नव्हतं. आजींनी आशा सोडली नव्हती.

मग वरून परिपत्रक आलं. प्रत्येक शहराने आपली एक उपेक्षित कला निश्चित करून तिच्याबद्दल व्यापक जनजागृती करावी. अशी कला न सापडल्यास कार्यालयप्रमुखांनी व्यक्तिशः खुलासा द्यावा. कार्यालयात दोन दिवस धावपळ झाली. जी कला सुचे ती एक तर पुरेशी उपेक्षित नसे, नाही तर इतकी उपेक्षित असे की शिल्लकच नसे. शेवटी वरिष्ठ लिपिकाला आठवलं की आपल्या सासूबाई दर रविवारी कुठेतरी जातात आणि हसऱ्या चेहऱ्याने परत येतात. सासूबाई हसतात ही घटनाच घरात इतकी दुर्मीळ होती, की तिची चौकशी करणं त्याला भाग होतं.

तिसऱ्या दिवशी अभियान अधिकारी बाई लिपिकाला घेऊन काकांच्या घरी हजर झाल्या.

"तुमची कला उपेक्षित आहे," त्या खुर्चीत बसण्याआधीच म्हणाल्या. स्वर अभिनंदनाचा होता.

"तशी नाही हो," काका ओशाळून म्हणाले. "एकोणीस जण येतात की."

"एकोणीस!" बाईंनी लिपिकाकडे वळून सांगितलं, "लिहून घ्या. अत्यंत उपेक्षित."

मग त्यांनी अभियानाची रूपरेषा समजावून दिली. फलक, फेऱ्या, स्पर्धा, परिसंवाद. सहा महिन्यांत शहरातल्या शेवटच्या माणसापर्यंत कळसूत्री पोहोचणार होती. काकांना भरून आलं. अकरा वर्षांत त्यांना कोणी साधं "काय लागतं का?" असंही विचारलं नव्हतं. त्यांनी लगेच हिशेब केला, की बाकं कमी पडतील. शाळेच्या वर्गातून आणखी आठ-दहा आणावी लागतील.

"मग येत्या रविवारी जास्त बाकं मांडून ठेवू का?" त्यांनी विचारलं.

"येत्या रविवारी खेळ करायचा नाही."

"का बरं?"

"आधी पायाभूत सर्वेक्षण होईल," बाई धीराने म्हणाल्या. "जागृती किती आहे ते मोजल्याशिवाय ती किती वाढली ते कसं कळणार? मधेच कोणी तुमचा खेळ बघून परस्पर जागृत झालं, तर ती जागृती अभियानामुळे झाली असं आम्ही कसं म्हणायचं?"

काकांना हे पटलं. निदान, पटलं नाही असं म्हणावं इतकं ते त्यांना कळलं नाही. काकू मात्र दारात उभ्या राहून म्हणाल्या, "म्हणजे खेळ माहीत व्हावा म्हणून खेळ बंद?"

"तात्पुरता," लिपिक म्हणाला. त्याने आयुष्यात हा शब्द पुष्कळ वापरला होता, आणि त्याचा शेवट झालेला त्याने अजून पाहिला नव्हता.

सर्वेक्षणात असं निघालं, की शहरातल्या अवघ्या चार टक्के लोकांना कळसूत्रीचा खेळ म्हणजे काय ते ठाऊक आहे. कार्यालयात आनंदीआनंद झाला. पाया जितका खोल तितकी इमारत उंच दिसते, असं बाई म्हणाल्या. काकूंनी बातमी ऐकली तेव्हा त्या भांडी पुसत होत्या.

"चार टक्के म्हणजे माणसं किती हो?"

"साधारण बारा-तेरा हजार," काका म्हणाले.

"अगं बाई! मग ते सगळे रविवारी असतात कुठे?"

याचं उत्तर अभियानाकडेही नव्हतं, कारण तो प्रश्न प्रश्नावलीत नव्हता.

पुढच्या गोष्टी एकामागोमाग एक आणि अगदी रीतसर घडल्या. अभियानाला कक्ष हवा होता, आणि कळसूत्रीचा कक्ष कळसूत्रीच्या जागीच शोभेल म्हणून शाळेचं सभागृह घेण्यात आलं. बाकं बाहेर गेली, टेबलं आत आली. कक्षात कलेचे नमुने हवेत म्हणून काकांच्या बाहुल्या काचेच्या कपाटात बसवण्यात आल्या. कपाटाची उंची कमी होती. दोऱ्यांचा गुंता काचेतून बरा दिसेना, म्हणून त्या कापण्यात आल्या.

"दोऱ्या कापल्या?" काकांनी काचेला नाक लावून विचारलं.

"काळजी करू नका, जपून ठेवल्यात," लिपिकाने एक पाकीट दाखवलं. त्यावर सुवाच्य अक्षरात 'सुटे भाग' असं लिहिलं होतं.

शहरभर लागलेल्या फलकांवर एका गुबगुबीत कापसाच्या अस्वलाचं चित्र होतं. काकांनी भीत भीत म्हटलं, "बाई, हे अस्वल आहे."

"प्रातिनिधिक चित्र आहे," बाई म्हणाल्या. "लोकांना ओळखीचं वाटायला हवं ना? तुमच्या बाहुल्या कोणी ओळखत नाही. तीच तर अभियानामागची समस्या आहे."

उद्घाटनाला अकरा वक्ते होते. पहिल्याने सांगितलं, "खरं पाहता आपण सगळेच नियतीच्या हातातल्या कळसूत्री बाहुल्या आहोत," आणि सभागृह हसलं. दुसऱ्याने सांगितलं, "मघाशी म्हटलं त्याप्रमाणे, आपण सगळेच बाहुल्या आहोत, माझी दोरी घरी असते," आणि सभागृह पुन्हा हसलं. अकराव्या वक्त्यापर्यंत सगळ्यांच्या दोऱ्या घरीच असल्याचं निष्पन्न झालं. काका पहिल्या रांगेत बसून अकरा वेळा हसले. कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या खेळाला चार मिनिटं दिली होती, पण वेळेअभावी तो प्रातिनिधिक स्वरूपात झाला. म्हणजे काकांनी बिनदोरीच्या राजाचा हात बोटाने वर उचलला आणि छायाचित्रकाराने चित्र घेतलं. त्यासाठी ते सवयीने पडद्यामागे जाऊन उभे राहिले होते; बाईंनी त्यांना हाताला धरून पुढे आणलं. "कलाकार दिसायला नको का?" त्या म्हणाल्या. "तुमची कला मागे का पडली ते आत्ता लक्षात आलं माझ्या."

आणि खरं सांगायचं तर, काकांना पुढे उभं राहणं आवडलं. अकरा वर्षं त्यांनी टाळ्या पडद्याच्या मागून ऐकल्या होत्या. समोरून त्या चांगल्याच मोठ्या ऐकू येतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं. आठवड्याभरात त्यांच्या गळ्यात 'जागृतिदूत' असं ओळखपत्र आलं. जाड निळी फीत, प्लॅस्टिकचं वेष्टण, आत गंभीर चेहऱ्याचे काका. ते ओळखपत्र घालून जेवायला बसू लागले.

शहराने कळसूत्री डोक्यावर घेतली. व्यायामशाळांत 'कळसूत्री पद्धतीचा व्यायाम' निघाला. त्यात माणसाला पट्ट्यांनी छताला बांधत आणि शिक्षक त्या ओढत. एका मोठ्या कंपनीने अधिकाऱ्यांसाठी 'दोरीविना नेतृत्व' असं दोन दिवसांचं शिबिर घेतलं. ज्या घरांत मुलांना खेळायला अंगण नव्हतं त्या घरांच्या भिंतींवर लाकडी राजे लटकू लागले, आणि "हात लावू नकोस, महाग आहे" हे वाक्य शहरात रोज हजारो वेळा उच्चारलं जाऊ लागलं. शाळांत निबंधस्पर्धा झाली. विषय होता 'मी पाहिलेला कळसूत्रीचा खेळ'. परीक्षक अर्थातच काका.

आठशे चाळीस निबंध आले. त्यांतल्या आठशे एकोणचाळीस मुलांनी खेळ आजोबांचं बोट धरून पाहिला होता, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर 'जणू जादूनगरी अवतरली' होती, आणि घरी परतताना सगळ्यांचीच 'पावलं जड झाली' होती. तो नमुना मार्गदर्शक पुस्तकात पान सत्तावीसवर होता. उरलेल्या एका मुलीने चार ओळी लिहिल्या होत्या: 'मी खेळ पाहिलेला नाही. आमच्या शाळेच्या मागे होतो असं ऐकून मी गेले. तिथे ऑफिस होतं. गाढव कपाटात होतं.'

काकांनी तिला पहिला क्रमांक दिला. बाईंनी तो काढला. "निबंध विषयाला सोडून आहे," त्या म्हणाल्या. "शिवाय सूर नकारात्मक." काकांनी बदललेल्या निकालावर सही केली. चार दिवसांनी त्यांचं टाउन हॉलमध्ये भाषण होतं.

त्या भाषणाची तयारी चालू असताना काकूंनी विचारलं, "अहो, येत्या रविवारी करू या का खेळ? घरातच. जुन्या फडक्यांच्या बाहुल्या मी शिवते."

"येत्या रविवारी परिसंवाद आहे."

"त्याच्या पुढच्या?"

"त्या दिवशी फेरी आहे. अगं, आपली कला आज घराघरांत पोहोचलीय, आणि तुला एकोणीस माणसांचं पडलंय!"

"घराघरांत पोहोचली, मग आपल्या घरातून का गेली?" काकू म्हणाल्या. त्यांनी टेबलावरची दोरी उचलून काकांच्या हातात दिली. "नुसती गाठ मारा बघू. गाढवाच्या मानेची. तुमची नेहमीची."

काकांनी दोरी घेतली. बोटं अडखळली, गाठ सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. अशा वेळी बायको बोलली तर बरं असतं. काका भाषणाचे कागद घेऊन दुसऱ्या खोलीत गेले आणि बराच वेळ एकच पान वाचत बसले.

सहा महिने सरले. अंतिम मोजणी घरोघर जाऊन झाली. शहराची लोकसंख्या तीन लाख अठरा हजार चारशे बारा. जागृत नागरिक तीन लाख अठरा हजार तीनशे त्र्याण्णव.

"किती राहिले?" बाईंनी विचारलं.

"एकोणीस," लिपिक म्हणाला. यादी वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. "बाई, यात आमच्या सासूबाई आहेत."

झालं होतं असं. मोजणीदाराने प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला होता: 'आपणांस पारंपरिक कळसूत्री प्रयोगकला जनजागृती अभियानाविषयी माहिती आहे काय?' तीन लाख लोकांनी मोजणीदार लवकर जावा म्हणून 'हो' म्हटलं. एकोणीस जणांनी मात्र प्रश्न नीट ऐकून घेतला आणि उत्तर दिलं, "अभियान-बिभियान माहीत नाही बुवा. बाहुलेकाका माहीत आहेत. खेळ कधी सुरू होतोय?" मोजणीदाराने नियमाप्रमाणे 'नाही' या चौकटीत खूण केली.

शेजारचं शहरही शंभर टक्के गाठायच्या मागे होतं आणि त्याचे फक्त सात राहिले होते. बाईंनी तातडीने निर्णय घेतला. या एकोणीस अजागृत नागरिकांसाठी सक्तीचं जागृती शिबिर. रविवारी संध्याकाळी पाचला, कक्षात. मार्गदर्शक, जागृतिदूत बाहुलेकाका.

एकोणीसच्या एकोणीस जण पावणेपाचलाच आले. टेबलं बाजूला सरकवून त्यांनी खुर्च्या ओढल्या आणि आपापल्या जुन्या जागी बसले. आजी पहिल्या रांगेत. काकूही आल्या होत्या. त्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. काकांनी यंत्र सुरू करून 'कळसूत्रीचे समाजजीवनातील योगदान' या व्याख्यानाचं पहिलं चित्र भिंतीवर आणलं.

"हे अस्वल कधी आलं खेळात?" आजींनी विचारलं.

"ते प्रातिनिधिक आहे, आजी."

"बरं, बरं. येऊ दे पुढे."

अस्वल पुढे आलं नाही. व्याख्यान आलं. एकूण बेचाळीस चित्रं होती. चौथ्या चित्राला पोस्टमन जांभई देऊ लागले, सातव्याला जुळ्या मुली छताच्या पंख्यांची पाती मोजू लागल्या, आणि नवव्याला आजींचा चष्मा नाकावरून घसरला. काकांना ते दिसत होतं. पडद्यामागे असताना प्रेक्षक कंटाळले तर निदान तोंडं दिसत नसत. त्यांनी दहावं चित्र आणलं, वाचायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कोपऱ्यातून गाढव ओरडलं.

लांब, खरखरीत, शेवटी उचकी लागल्यासारखं. अस्सल.

आजी दचकून जाग्या झाल्या. काकू शांतपणे स्टुलावर बसल्या होत्या, जणू त्या गावच्या नव्हेत. काकांनी काचेच्या कपाटाकडे बघितलं. त्याला कुलूप होतं आणि किल्ली बाईंकडे. मग त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढलं, निळी फीत दोन बोटांत धरली, आणि टेबलाच्या कडेवर प्लॅस्टिकमधल्या गंभीर काकांना चालवायला सुरुवात केली.

पहिली दोन पावलं वाकडी पडली. तिसऱ्या पावलाला ओळखपत्र टेबलावरून खाली कोसळलं, आणि काकूंनी राजाच्या आवाजात म्हटलं, "कोण आहे रे तिकडे? जमीन कोणी काढून घेतली माझी?" जुळ्या मुली खिदळल्या. ओळखपत्र पुन्हा वर चढलं. आता त्याला पोट होतं, ऐट होती, थोडी गुडघेदुखीही होती. फळा पुसायचं डस्टर मागून दबकत दबकत चोर होऊन आलं.

"अरे मेल्या, मागे बघ!" आजी किंचाळल्या.

राजाने बघितलं नाही. सगळं जिथल्या तिथे होतं.

पाऊण तासाने बाई फॉर्म गोळा करायला आल्या. 'शिबिरानंतर आपण (१) पूर्णतः जागृत (२) अंशतः जागृत' यांपैकी एकावर खूण करायची होती. एकोणीसपैकी एकानेही खूण केली नव्हती. सगळ्यांनी समासात लिहिलं होतं. 'मजा आली.' 'चोराला आता तरी पकडा.' 'डस्टर छान.' आजींना लिहिताना नीट दिसत नसे. त्यांनी नुसतं 'मेला' एवढंच लिहिलं होतं.

"पालथ्या घड्यावर पाणी," बाई म्हणाल्या. "काका, तुम्हीसुद्धा? एवढे जागृतिदूत असून?"

"बाई, माझ्या हातून खेळ झाला," काका म्हणाले. त्यांना लाज वाटायला हवी होती. पण बोटांना इतकं बरं वाटत होतं, की लाज आत यायला वाटच मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी पाचच्या आत आकडा पाठवायचा होता. साडेचारला बाईंनी तोडगा काढला. एकोणीस नागरिक 'शहराबाहेर स्थलांतरित' असा शेरा मारून त्यांना लोकसंख्येतून वगळण्यात आलं.

"पण बाई," लिपिक चाचरत म्हणाला, "सासूबाई माझ्याच घरी राहतात."

"राहू देत की. घरात राहायला कोणाची हरकत आहे? यादीत राहायला हरकत आहे."

शहर शंभर टक्के जागृत झालं. वेशीवर तसा फलक लागला, बाईंना बढती मिळाली, आणि सभागृह 'सुंदर हस्ताक्षर जनजागृती अभियाना'ला देण्यात आलं. बाहुल्या कपाटासकट राजधानीला रवाना झाल्या. ओळखपत्राची मुदत संपली. काकांनी दोन महिने खपून नव्या बाहुल्या कोरल्या आणि सार्वजनिक प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज घेऊन ते कार्यालयात गेले. 'अपेक्षित प्रेक्षक' या ठिकाणी त्यांनी एकोणीस जणांची नावं प्रामाणिकपणे लिहिली होती.

लिपिकाने एकेक नाव यादीत शोधलं. एकही सापडलं नाही. मग त्याने पेन उचललं आणि शेरा लिहिला: 'प्रेक्षकसंख्या शून्य. सबब परवानगीची आवश्यकता नाही.' अर्ज परत देताना तो हळूच म्हणाला, "सासूबाईंना पुढची जागा ठेवा. गेले आठ महिने घरात आमचे फार हाल झाले."

आता खेळ शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मागच्या अंगणात होतो. कुंपण बुटकं आहे. रस्त्यावरून जाणाऱ्यांना सगळं दिसतं. लोक क्षणभर थांबतात. शहर जागृत आहे, त्यामुळे ते बरोबर ओळखतात. "ती बघ कळसूत्री," एखादा बाप मुलीला सांगतो. "फार थोर कला आहे. लोप पावत चाललीय बिचारी."

"बाबा, आत जाऊ या?"

"आत कशाला? आपल्याला माहीत आहे की."

काका फळीवरून हे ऐकतात आणि गाढवाची मान हलवतात. गाठ आता सुटत नाही.

ही हकीकत आजवर ज्याला ज्याला सांगितली तो कळवळला. कोणी म्हणालं, सरकारी कामं ही अशीच. कोणी म्हणालं, हे लिहून काढा, लोकांपर्यंत पोहोचलं पाहिजे. अशा कला टिकल्या पाहिजेत, हे तर एकजात सगळेच म्हणाले. तुम्हीही वाचता वाचता कुठेतरी म्हणालाच असाल. अंगणाचा पत्ता मात्र अजून एकानेही विचारलेला नाही.